आत्तींची फाईल आणि तुमच्या फोनमधलं रेकॉर्डिंग

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही खानापूर तालुक्यातले. घरात मी, माझ्या आत्ती म्हणजे सासूबाई, आणि दोन मुलं. हे गोव्याला कामाला असतात, पंधरा दिवसांनी येतात. आत्तींचं वय ६३. दीड महिन्यापूर्वी बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात त्यांचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस ठेवून घेतलं होतं. घरी आल्यापासून त्यांना जेवण जात नाही, अंग मोडून येतं, अधूनमधून कणकण असते आणि गेल्या आठवड्यापासून डोळे पिवळे दिसतात. दोनदा परत दाखवून आणलं. 'होईल बरं' म्हणून गोळ्या बदलून दिल्या. माझा भाऊ म्हणतो, मिरजेला दाखवू. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचे सगळे कागद घेऊन यायला सांगितलंय. आमच्याकडे एका पानाचं डिस्चार्ज कार्ड आहे आणि त्यावरचं अक्षर लागत नाही. फाईल मागायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'फाईल दवाखान्याची असते, बाहेर देत नाही.' मॅनेजर म्हणाले, 'कशाला पाहिजे? केस करणार काय?' मी गप्प परत आले.

दुसरं असं, की डॉक्टर भराभर बोलतात, थोडं कन्नड, थोडं इंग्रजी. मला कन्नड बाजारापुरतं येतं. यांना ऐकवावं म्हणून मागच्या खेपेला मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं, ते चिडले. 'हा गुन्हा आहे, पोलिसांत देईन' म्हणाले आणि समोरच ते पुसून घेतलं. तेव्हापासून तिकडं जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मी खरंच गुन्हा केला का? कागद मिळतील का? अर्ज मराठीत दिला तर चालेल का?

– एक सूनबाई

उत्तर

सूनबाई, पत्रात तुमचा फोन नंबर होता म्हणून पहिली गोष्ट मी तुम्हाला फोनवरच सांगितली. बाकीच्या वाचकांसाठी ती इथंही लिहिते. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ताप आणि कावीळ दोन्ही असतील तर कागदांसाठी एक दिवससुद्धा थांबू नका. मी डॉक्टर नाही, आत्तींना काय झालंय ते मी सांगणार नाही. पण पित्ताच्या नळीत खडा राहिला असेल किंवा नळीला इजा झाली असेल तर ते वेळेत कळावं लागतं, एवढं कुठलेही डॉक्टर सांगतील. हातात डिस्चार्ज कार्ड आहे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत, तेवढ्यावर निघा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर कागद नाहीत म्हणून कुठलाही दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की जीव वाचवणं हे डॉक्टरांचं पहिलं कर्तव्य, बाकीच्या औपचारिकता नंतर. भाऊ आत्तींना घेऊन लोंढा–मिरज गाडीत बसू दे आणि तुम्ही मागे राहून कागद मिळवा. दोन्ही कामं एकदम चालू राहू देत.

आता फाईलबद्दल. मी २६ वर्षं एका दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केलं. 'फाईल दवाखान्याची असते' हे वाक्य मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलंय आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, मला कुणी शिकवलं होतं तसं, मीही म्हटलंय. ते वाक्य अर्धं खरं आहे. मूळ फाईल जपून ठेवणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे, ती ते देणार नाहीत, आणि तुम्हाला ती लागतही नाही. पण तिच्यात जे लिहिलंय ते आत्तींच्या अंगाबद्दल लिहिलंय. त्याची प्रत मागण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि ती देणं ही समोरच्याची मेहरबानी नाही.

याला आधार काय, तेही सांगते, कारण काउंटरवर तोच विचारला जातो. भारतीय वैद्यक परिषदेचे डॉक्टरांच्या आचारनीतीबद्दलचे २००२ चे विनियम आहेत. त्यात कलम १.३.१ म्हणतं की दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळायचे. कलम १.३.२ म्हणतं की रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागणी केली, की तिची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. आणि कलम ७.२ मध्ये, कागद न ठेवणं आणि ७२ तासांत न देणं, याला सरळ गैरवर्तन म्हटलंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नवे नियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले आणि हेच जुने विनियम पुन्हा लागू झाले. त्यामुळे कुणी 'ते जुनं झालं' म्हणालं तर मान डोलावू नका. शिवाय राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेली रुग्णहक्कांची सनद आहे. तिच्यात म्हटलंय की रुग्ण दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी गेल्यावर ७२ तासांत केस पेपर आणि तपासण्यांचे रिपोर्ट मिळावेत, झेरॉक्सचा खर्च रुग्णानं द्यावा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्कही त्या सनदेत स्वतंत्र लिहिलाय.

पण मागायचं काय, हे बहुतेकांना माहीत नसतं. 'फाईल द्या' म्हटलं की डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स हातात पडते. म्हणून फाईल आतून कशी असते ते सांगते.

पुठ्ठ्याचं कव्हर, डाव्या कोपऱ्यात भोक पाडून घातलेली लेस. वर अॅडमिशनचा कागद, त्यावर आयपी नंबर, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाचा नंबर. हा नंबर तुमच्या बिलावरही असतो, अर्जात तोच लिहायचा. मग तक्रारी आणि आधीच्या आजारांची नोंद. मग डॉक्टरांच्या रोजच्या राऊंडच्या नोंदी. मग संमतीपत्रं, ज्यांच्यावर आत्तींनी सही किंवा अंगठा केला असेल. भुलीचा कागद, त्यात दर पाच-दहा मिनिटांनी बीपी आणि नाडी टिपलेली असते. ऑपरेशनची टिपणी, हा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद: दुर्बिणीतून केलं की पोट उघडून, काय दिसलं, कुठे क्लिप लावल्या, काही अडचण आली का. त्यानंतर नर्सची पानं: ताप, नाडी, लघवीचं माप, कुठलं इंजेक्शन किती वाजता. आमच्याकडे रात्रपाळीच्या नोंदी लाल शाईत असायच्या. सगळ्यात मागे रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवलं असेल तर त्याचाही रिपोर्ट असतो, तो पुष्कळदा डिस्चार्जनंतर येतो आणि फाईलला लागून तसाच पडून राहतो. तो आठवणीनं मागा. सीटी किंवा एमआरआय झालं असेल तर नुसता रिपोर्ट नको, त्याची सीडीही मागा, कारण मिरजेच्या डॉक्टरांना चित्रं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असतात.

नर्सच्या पानांना लोक किंमत देत नाहीत, म्हणून एक आठवण सांगते. निपाणीकडचा एक तंबाखूवाला शेतकरी आमच्याकडे दाखल होता. घरी गेला आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात त्याला भरती केलं. त्याची बायको माझ्याकडे आली, कागद पाहिजेत म्हणून. मी झेरॉक्स काढता काढता पानं चाळत होते. एका पानावर लाल शाईत एवढंच होतं: रात्री २ वाजता अमुक इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी उठल्या, डॉक्टरांना कळवलं, औषध बंद. डिस्चार्ज कार्डावर याचा एक शब्द नव्हता. नव्या दवाखान्यात तेच औषध लिहिलं गेलं होतं, पहिला डोस संध्याकाळी होता. ती बाई ते पान घेऊन रिक्षानं गेली. त्या दिवसानंतर मी कुणाला 'डिस्चार्ज कार्ड आहे ना, मग फाईल कशाला' असं विचारलं नाही, आणि माझ्या हाताखालच्या मुलींनाही विचारू दिलं नाही.

तुम्हाला कागद मिळाले नाहीत याचं एक साधं कारण मला दिसतं. तुम्ही तोंडी मागितलेत, आणि तुम्ही रुग्ण नाही. सून कितीही सख्खी असली तरी कायद्यात ती 'अधिकार दिलेली व्यक्ती' तेव्हाच होते, जेव्हा आत्ती तसं लिहून देतात. आणि हे बरोबरच आहे. उद्या कुणीही नातेवाईक येऊन कुणाच्याही आजाराचे कागद घेऊन गेला तर ते तुम्हालाही चालणार नाही. म्हणून अर्ज आत्तींच्या नावानं करायचा, त्यांची सही घ्यायची. हात थरथरत असेल तर अंगठा आणि शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. अंगठा किंवा सही आत्ती मिरजेला निघायच्या आधी घ्या, मागाहून धावपळ होते. आत्तींच्या आणि तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची. मजकूर साधारण असा चालेल:

'मी, अमुक, वय ६३, आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होते. माझा आयपी नंबर अमुक. पुढील उपचारासाठी मला माझ्या संपूर्ण केस पेपरची साक्षांकित प्रत हवी आहे. त्यात ऑपरेशनची टिपणी, भुलीचा तक्ता, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, सर्व तपासण्यांचे रिपोर्ट आणि सीडी यांचा समावेश असावा. झेरॉक्सचा खर्च मी देईन. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतील कलम १.३.२ प्रमाणे हे कागद ७२ तासांत मिळावेत. माझ्या वतीनं ते माझी सून अमुक हिच्याकडे द्यावेत. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी.'

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्यायची. वेळ लिहून घ्या, ७२ तास तिथून मोजायचे. पोच द्यायला नकार दिला तर वाद घालत उभं राहू नका. तोच अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. दवाखान्याचा ईमेल बिलावर छापलेला असतो, त्यावर अर्जाचा फोटोही पाठवा.

मॅनेजरांच्या 'केस करणार काय?' या प्रश्नावर तुम्ही गप्प झालात. मला त्याचं नवल वाटत नाही. २०११ साली माझ्या स्वतःच्या भावाचे कागद मागायला मी एका दवाखान्यात गेले होते, तेव्हा हाच प्रश्न मला विचारला गेला. तेव्हा मी रेकॉर्ड रूममध्येच नोकरीला होते, सगळे नियम मला पाठ होते, तरी माझा आवाज बसला. भाऊ आत खाटेवर, आणि बाहेर आपण भांडलो तर त्याच्याकडे बघतील का नीट, ही भीती मनात असते. आधी त्यांनी फाईल सापडत नाही म्हणून सांगितलं. लेखी अर्ज पडल्यावर चौथ्या दिवशी सापडली. तेव्हा या प्रश्नाला एकच उत्तर द्या आणि तेच पुन्हा द्या: 'आत्तींना पुढं दाखवायचंय, तिथले डॉक्टर कागद मागतात.' ते खरंही आहे. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही, पण सांगितल्यानं काम लवकर होतं. दवाखान्यातल्या माणसालाही नोकरी सांभाळायची असते. त्याला वरच्यांची भीती, तुम्हाला त्याची भीती. कागदावर लिहिलेला अर्ज आला की त्यालाही वर दाखवायला काहीतरी मिळतं.

मराठीत अर्ज चालेल का, हा तुमचा प्रश्न आपल्या भागात फार जणांचा आहे, म्हणून नीट सांगते. राज्यघटनेचं कलम ३५० म्हणतं की केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. म्हणजे डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला, जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांना तुम्ही मराठीत तक्रार दिलीत तर 'कन्नडमध्ये आणा' म्हणून ती परत करता येणार नाही. खासगी दवाखान्याला हे कलम लागू होत नाही, पण मराठीत अर्ज केल्यानं हक्क जात नाही. तरी माझा सल्ला विचाराल तर आत्तींची सही मराठी अर्जावर घ्या, कारण कशावर सही करतोय ते त्यांना कळलं पाहिजे, आणि सोबत त्याचाच इंग्रजी किंवा कन्नड मजकूर जोडा. गावातला कॉलेजचा मुलगा अर्ध्या तासात करून देईल. आपल्याला कागद हवेत, आणि ते या आठवड्यात हवेत. भाषेचा वाद बेळगावात रोज आहे, आत्तींच्या काविळीला तेवढा वेळ नाही.

उलट बाजूनं मात्र आग्रह धरा. आजार आणि उपचार रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावेत, असं त्याच सनदेत आहे. 'डॉक्टर, मला कन्नड कमी येतं, मराठी येणाऱ्या सिस्टरांना बोलावता का?' एवढं म्हणायला लाजू नका. बेळगावच्या कुठल्याही दवाखान्यात वॉर्डमध्ये एक तरी मराठी बोलणारी सिस्टर किंवा आया असतेच.

७२ तास उलटून गेले आणि काही मिळालं नाही, तर पुढचं थोडक्यात. कर्नाटकातले खासगी दवाखाने २००७ च्या खासगी वैद्यकीय संस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ती इथंच, बेळगावच्या हिवाळी अधिवेशनात आली होती आणि डॉक्टर मंडळी मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरली होती, ते अनेकांना आठवत असेल. त्या दुरुस्तीनं प्रत्येक जिल्ह्यात नोंदणी आणि तक्रार निवारण प्राधिकरण आलं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. पहिली तक्रार तिथे करा. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलची तक्रार बेंगळुरूच्या कर्नाटक वैद्यक परिषदेकडे जाते. पैसे भरून घेतलेला उपचार ही ग्राहकसेवा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, आणि तिथे २ वर्षांची मुदत असते. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर मराठीतही बोलता येतं. आणि हे ध्यानात ठेवा: १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००. यांतल्या पहिल्या पायरीच्या पुढं जायची वेळ सहसा येत नाही. 'डीसींकडे प्रत पाठवली आहे' ही ओळ अर्जाखाली दिसली की फाईल सापडते, हे मी आतल्या बाजूनं पाहिलंय.

सिव्हिलसारख्या सरकारी दवाखान्यातले कागद असते तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जावरही मागता आले असते. स्वतःबद्दलची माहिती स्वतः मागण्याला खासगीपणाची आडकाठी येत नाही.

आता रेकॉर्डिंग. तुम्ही गुन्हा केलेला नाही. हे वाक्य दोनदा वाचा. ज्या बोलण्यात आपण स्वतः सहभागी आहोत ते बोलणं टिपून ठेवणं गुन्हा आहे, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. दोन परक्या माणसांचा फोन चोरून ऐकणं वेगळं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आर. एम. मलकानी यांचा खटला आला होता. मलकानी मुंबईचे कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, एका डॉक्टरांकडे पैसे मागत होते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी परवानगी दिली आणि पोलिसांनी त्यांच्या फोनवरचं संभाषण टेप केलं. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची परवानगी होती, म्हणून न्यायालयानं ते टेप पुरावा म्हणून स्वीकारलं. त्या वेळी त्याचा आधार डॉक्टरांनाच मिळाला होता.

दवाखाना आपल्या आवारात रेकॉर्डिंग नको असा नियम लावू शकतो, डॉक्टर 'बंद करा' म्हणू शकतात, बोलणं थांबवू शकतात. पण तुमचा फोन हिसकावून घेण्याचा, उघडून बघण्याचा किंवा दम देऊन काही पुसायला लावण्याचा अधिकार त्यांना नाही. तुमच्या बाबतीत तेच झालं, आणि ते चुकीचं झालं. पुसलेलं परत मिळतं का तेही बघा, बऱ्याच फोनमध्ये पुसलेल्या गोष्टी काही दिवस ट्रॅशमध्ये राहतात. मिळालं तर यांना नक्की ऐकवा. त्यातलं काही कापू नका, जोडू नका, आहे तसं ठेवा. कधी पुरावा म्हणून लागलंच तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील बघतील.

एवढं सांगूनही मी म्हणेन, पुढच्या वेळी लपवून करू नका. मी दवाखान्यात आयुष्य काढलंय, दोन्ही बाजू पाहिल्यात. फोन उलटा टेबलावर ठेवलेला आणि लाल ठिपका चालू, हे दिसलं की डॉक्टरांच्या मनात एकच विचार येतो, की ही माणसं माझ्यावर केस घालणार. त्या क्षणापासून ते तुमच्याशी बोलत नाहीत, त्या फोनशी बोलतात, जपून, मोजून. तुम्हाला जे हवं होतं, म्हणजे मोकळेपणानं सांगितलेली खरी गोष्ट, तेच हातातून जातं. बसल्या बसल्या असं म्हणा: 'डॉक्टर, आत्तींचा मुलगा गोव्यात आहे. तुम्ही सांगता ते मला सगळं लक्षात राहत नाही, चुकीच्या गोळ्या जायला नकोत. फक्त आवाज टिपून घेऊ का? घराबाहेर जाणार नाही.' फोन सरळ, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. पुष्कळ डॉक्टर हो म्हणतात, आणि एकदा हो म्हणाले की जरा हळूसुद्धा बोलतात. नाही म्हणाले तर लगेच दुसरं विचारा: 'मग यांना आत्ता फोन लावते, स्पीकरवर तुम्हीच सांगता का?' किंवा वही पुढं करा आणि तीन गोष्टी लिहून मागा: काय झालंय, पुढं काय करायचं, कुठलं लक्षण दिसलं तर धावत यायचं. घरी शाळेत जाणारी मुलं आहेत, त्यांची एक वहीच यासाठी घालून ठेवा.

'घराबाहेर जाणार नाही' हा शब्द मात्र पाळायचा. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही, फेसबुकवर नाही, राग कितीही येऊ दे. तिथे बदनामीचा खटला तुमच्यावर येऊ शकतो. त्याहून मोठं म्हणजे, त्यात आत्तींच्या अंगाच्या गोष्टी आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ती याचिका आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायमूर्ती पुट्टस्वामींची होती. तो हक्क आत्तींचाही आहे. त्यांना आधी विचारलं होतंत का, की आवाज टिपू का? पुढच्या वेळी त्यांनाही विचारा. व्हिडिओ काढूच नका, आणि ओपीडीत, वॉर्डात, आयसीयूत जिथे दुसरे रुग्ण आहेत तिथे तर फोन बाहेरच काढू नका. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तुम्हाला परवानगी दिलेली नसते.

आणि चार-पाच माणसं घेऊन काउंटरवर जाऊ नका. भाऊ तापट आहे असं तुमच्या पत्रातून वाटलं नाही, पण गर्दी जमली की एखादा आवाज चढवतोच. डॉक्टर आणि दवाखान्याच्या लोकांवरील हिंसेविरुद्ध कर्नाटकात २००९ पासून वेगळा कायदा आहे, आणि एकदा पोलीस आले की तुमचा कागदांचा साधा प्रश्न बाजूला पडतो. तुम्ही जा, सोबत एकच माणूस, कन्नड नीट बोलणारा.

मिरज किंवा कोल्हापूरला पुढचा खर्च निघाला तर एक विचारून बघा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केलीय. तुमचं गाव त्यात आहे का आणि कुठले कागद लागतील, ते योजनेतल्या दवाखान्यात बसणारे आरोग्यमित्र सांगतील. तिथेही पहिल्यांदा मागतील ती हीच फाईल.

कागद हातात आले की काउंटरवरून हलायच्या आधी पानं मोजा आणि ऑपरेशनची टिपणी आहे ना ते बघा. अक्षर लागलं नाही तरी वर तारीख आणि ऑपरेशनची वेळ असते, त्यावरून ओळखू येतं. सगळ्या पानांचे फोटो काढून यांना पाठवा. झेरॉक्सचा एक संच मिरजेला, एक घरात. उद्या गुरुवार, अर्ज सकाळी १० च्या आत द्या म्हणजे ७२ तास रविवारी सकाळी भरतील. सोमवारी सकाळी मला फोन करा, फाईल मिळालेली असली तरी आणि नसली तरी.